कॅन कुठवर भरलाय

"मॅडम, आवाज येईना झालाय."

२०२० च्या पावसाळ्यात हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकत होते. पण त्या दिवशीची गोष्ट वेगळी होती. माझा आवाज मुलांना खणखणीत जात होता. जात नव्हता तो माझ्या नवऱ्याच्या छातीचा.

मी कोल्हापुरात एका वैद्यकीय महाविद्यालयात फिजिऑलॉजी शिकवते, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला. त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं छातीच्या तपासणीचं. 'ऑनलाइन प्रॅक्टिकल' हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिताना आता हसू येतं, पण वेळापत्रकात ते तसेच छापलेले होते. हॉलमध्ये तीन जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप, समोर प्लास्टिकच्या खुर्चीत नवरा उघडाबंब, आणि दारात सासूबाई, निवडायची मेथी मांडीवर घेऊन. त्यांना हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

"पोरं बघणार होय ह्याला असं?"

"बघू दे की. डॉक्टर व्हायचंय त्यांना," नवरा म्हणाला. तो बँकेत आहे. माझ्या नोकरीपायी एवढा त्याग त्याने आधी कधी केला नव्हता.

परकशन म्हणजे ठोकून बघणं. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट, घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून त्यावर टक् करून मारायचं आणि लगेच उचलायचं. जोर कोपरातून नाही, मनगटातून. नख वाढलेलं असेल तर पहिला बळी आपलंच बोट. खाली हवेने भरलेलं फुप्फुस असेल तर आवाज घुमतो, यकृत असेल तर तो बसतो, पाणी साठलं असेल तर दगडावर मारल्यासारखा मरतो. छातीच्या उजव्या बाजूने वरून खाली ठोकत गेलं की साधारण पाचव्या फासळीखालच्या जागेत आवाज बदलतो. तिथे यकृताची वरची सीमा. ती एकदा स्वतःच्या बोटाखाली सापडली की जन्मात विसरत नाही. मी ठोकत खाली आले, आवाज बदलला, आणि विजयी मुद्रेने कॅमेऱ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही ठोकताय ते दिसतंय. आवाज येईना."

नंतर कळलं, गुन्हेगार ॲप होतं. मीटिंगची ही ॲप माणसाचं बोलणं तेवढं जपतात. पंखा, कुत्रं, कीबोर्डची टकटक हा सगळा गोंगाट समजून ती आपणहून पुसून टाकतात. नवऱ्याचं फुप्फुस त्यांना कीबोर्ड वाटलं होतं. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते हे मला त्यानंतर दोन आठवड्यांनी समजलं. ते केल्यावरही मुलांच्या मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून जड आवाज आणि हलका आवाज सारखाच यायचा. हृदयाच्या ठोक्यांचं तर नावच नको. ते इतक्या खालच्या पट्टीत असतात की साध्या मोबाईलच्या स्पीकरला ते पेलतच नाहीत. इंटरनेटवर सुंदर रेकॉर्डिंग उपलब्ध होती, मी लिंक पाठवत होते, आणि मुलं अत्यंत प्रामाणिकपणे काहीच ऐकत नव्हती.

या बॅचचं नशीबच तसं. एक ऑगस्ट २०१९ ला ही मुलं पहिल्यांदा वर्गात बसली. देशभर त्याच वर्षी वैद्यकीय शिक्षणाचा नवा अभ्यासक्रम लागू झाला होता. १९९७ च्या नियमांवर चाललेलं जुनं गाडं बदलून आता मुलाला काय 'माहीत आहे' यापेक्षा काय 'करता येतं' हे बघायचं, पहिल्याच वर्षी रुग्णाशी गाठ घालून द्यायची, बोलायला शिकवायचं, आणि सुरुवातीला महिनाभर फाउंडेशन कोर्स. आम्ही शिक्षक त्यासाठी कार्यशाळा करून करून थकलो होतो. फाउंडेशन कोर्सचा पहिला आठवडा संपतो न संपतो तोच पंचगंगा गावात आली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर. शिरोलीजवळ महामार्ग बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. लातूर-नांदेडहून आलेली मुलं हॉस्टेलच्या गच्चीवरून पाणी बघत घरी फोन करत होती. तो पूर ओसरला, जेमतेम सात महिने वर्ग चालले, आणि मार्चमध्ये सगळं पुन्हा बंद. करून बघण्याचा अभ्यासक्रम आणि हात न लावण्याचं वर्ष एकाच बॅचच्या वाट्याला आलं.

तर त्या दिवशी, आवाज येईना म्हणून मी वैतागून वर्ग आटोपता घेत असताना, चॅटमध्ये एक ओळ आली. राधानगरीकडचा मुलगा. वर्गात आठ महिने तोंड उघडलं नव्हतं त्याने.

"मॅडम कॅन चालेल का"

कसला कॅन, मी विचारलं. तो अनम्यूट झाला. मागे धो धो पाऊस आणि कुठेतरी पत्र्यावर पाणी. म्हणाला, "दुधाचा. संस्थेत दूध घालायला जाताना कॅन कुठवर भरलाय ते टोपण न काढता बघतोय आम्ही. वाजवून. वर पोकळ वाजतंय, दूध लागलं की आवाज बसतोय. तसंच हाय न्हवं हे?"

तसंच होतं. अगदी तसंच. मला त्याला पुढची गोष्ट सांगताना शब्द सापडेनात इतका आनंद झाला. लिओपोल्ड औएनब्रुगर नावाचा ऑस्ट्रियातला डॉक्टर. बाप ग्राझमध्ये खानावळवाला. तळघरातली दारूची पिंपं कुठवर भरलीत हे बाहेरून ठोकून बघायचं ही त्या घरातली रोजची रीत, आणि त्यातूनच पोराला छाती ठोकून बघण्याची कल्पना आली, असं सांगतात. १७६१ मध्ये व्हिएन्नात त्याने छोटंसं पुस्तक काढलं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे नेपोलियनचा डॉक्टर कोर्विझार याने १८०८ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे जगाने ऐकलं. सत्तेचाळीस वर्षं. आणि याच कोर्विझारच्या हाताखाली शिकलेल्या लेनेकने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीला लावली, तो पहिला स्टेथोस्कोप. परपुरुषाने छातीला कान लावणं तिला आणि त्याला दोघांनाही अवघड वाटत होतं म्हणून ती सुरळी. म्हणजे डॉक्टरचा कान आणि रुग्णाची छाती यांच्यामध्ये उपकरण आलं ते संकोचापोटी.

मी ही गोष्ट दरवर्षी सांगते. दरवर्षी ती दारूच्या पिंपांपाशी परकी होते. त्या वर्षी पहिल्यांदा ती आमच्याकडची झाली.

मग मी मुलांना घरचा अभ्यास दिला. घरात जे काही पोकळ आणि भरीव असेल ते ठोका, बोट तसंच ठेवा, मनगट तसंच हलवा, आणि व्हॉइस नोट पाठवा. आवाज पाठवायचा मला, कान द्यायचा स्वतःला. आठवडाभर माझा फोन टकटक टकटक करत राहिला. भिंती आल्या, तांदळाचे डबे आले, गुळाची ढेप आली (तिला 'स्टोनी डल', म्हणजे दगडासारखा बसका, असं शीर्षक देऊन), पाण्याच्या टाक्या आल्या. शिरोळच्या एका मुलीने आजीची पाठ ठोकली. 'मी करतो की मॅडम, आजी गप बसत्या,' असं तिने आधी लिहिलं होतं. आमच्याकडच्या मुली 'करतो'च म्हणतात, बाहेरगावच्या मुलांना ते कळायला एक टर्म जाते. आणि एकाने चक्क म्हैस. डाव्या कुशीवर. त्याचे काका गुरांचे डॉक्टर, म्हैस फुगली की ते तिथे वाजवून बघतात, ढोलासारखा आवाज येतो, असं त्याने रीतसर लिहून पाठवलं होतं. म्हैस निरोगी असल्याची खात्रीही दिली होती.

हे सगळं सांगताना मला ऑनलाइन शिक्षणाचे गोडवे गायचे नाहीत. नुसती नावं ठेवायचीही नाहीत, कारण ते सोपं आहे आणि आम्ही स्टाफरूममध्ये ते पोटभर केलं. खरं सांगायचं तर आमची लेक्चरं ऑनलाइन गेल्याने फार काही बिघडलं नाही. दीडशे मुलांच्या हॉलमध्ये मागच्या पाच रांगांना मी एरवीही एका ठिपक्यापलीकडे दिसत नव्हते. उलट एक गोष्ट घडली, जिची मला पुढे लाज वाटली. चॅटमध्ये मला एकटीला प्रश्न येऊ लागले. मराठीत, इंग्रजी अक्षरांत. 'मॅडम रीनल ब्लड फ्लो आणि जीएफआर यात नेमका फरक काय, लाज वाटते विचारायला.' मराठी माध्यमातून आलेली ही मुलं हॉलमध्ये सहा-सात महिने मुंडी हलवत बसली होती आणि मी त्याला समजलं असं समजत होते.

बिघडलं ते दुसरीकडे.

रक्तपेशी मोजायचं प्रॅक्टिकल घ्या. पिपेटमध्ये अर्ध्याच्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, एकशे एकच्या खुणेपर्यंत द्रावण, हलवायचं, न्यूबाउर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेवर, एक थेंब असा सोडायचा की बुडबुडा येता कामा नये, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ऐंशी चौकोन मोजायचे. आम्ही चेंबरचे फोटो काढून पाठवले. मुलांनी घरी बसून ठिपके मोजले, दहा हजाराने गुणलं, उत्तर बरोबर आलं. पण या प्रॅक्टिकलमध्ये शिकायचं असतं ते मोजणं नाहीच. आधी स्वतःच्या बोटाला लॅन्सेट टोचायची असते. दरवर्षी पाच-सहा मुलं तिथे पांढरीफटक पडतात. एखादा घेरी येऊन स्टुलावरून घसरतो, शेजारची मुलगी त्याला पाणी देते, आणि दोघांनाही आयुष्यभरासाठी काहीतरी कळतं: सुई टोचून घेणाऱ्याला काय वाटतं ते. फोटोतल्या ठिपक्यांना कुणी घाबरत नाही.

ॲनाटॉमीवाल्या मैत्रिणीचं दुःख आणखी वेगळं. डिसेक्शनचे व्हिडिओ उत्तम होते. टेबलाभोवती वीस जणांच्या खांद्यावरून डोकावून दिसतं त्यापेक्षा नस कितीतरी स्वच्छ दिसायची, हे ती स्वतः कबूल करायची. तिचा जीव तुटायचा फोनवर. लोक फोन करायचे, आमच्या वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरलाय, आज सकाळी गेले, कधी आणू? आणि तिला नाही म्हणावं लागायचं. संसर्गाची भीती, नियम, आणि हॉलमध्ये शिकायला मुलंच नाहीत. "माणूस द्यायला तयार आणि आपण घेईना," ती म्हणायची.

त्या काळात माझी ड्यूटी स्वॅब घेण्याच्या ठिकाणी लागली होती. पीपीई किटच्या आत घामाने चिंब होऊन संध्याकाळी परत येताना दसरा चौकातून गाडी जायची. एका बाजूला सीपीआर हे सरकारी रुग्णालय, रुग्णवाहिकांची रांग, आणि चौकाच्या आसपास ती जुनी बोर्डिंगं. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा. या शहराला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते शाळेत इतक्यांदा पाठ केलंय की त्याचा अर्थ लागायचा बंद झाला होता. रिकाम्या चौकात तो लागला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये मिस क्लार्क होस्टेल, एकामागून एक. फी माफ करून भागत नाही, खेड्यातल्या पोराला गावात निजायला जागा आणि वेळेवर भाकरी मिळाली तरच ते शिकतं, हे त्या राजाला कळलं होतं. आम्ही मार्च २०२० मध्ये दोन दिवसांत हॉस्टेल रिकामी केली आणि मुलांना सांगितलं, शिक्षण घरी येईल.

घरी काय होतं? गगनबावड्याकडच्या एका मुलाला घरात रेंज नव्हती. तो टेकाडावरच्या म्हसोबाच्या देवळात जाऊन बसायचा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. तिथला पाऊस माहीत असणाऱ्याला मी जास्त काय सांगू. एका मुलीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, चालू असताना आईची हाक आली, चुलीवरचं दूध बघ गं. ती एक मिनिट मॅडम म्हणून गेली ती चार मिनिटांनी आली, आणि तोवर ती विसरली होती की प्रश्न कुठला होता. मीही विसरले होते. हॉस्टेलमध्ये ती मेडिकलची विद्यार्थिनी होती. घरी ती घरातली मोठी मुलगी होती. मुलांचं एवढं झालं नाही, मुलींचं झालं. हे मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही, माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलेलं आहे.

आणि गंमत अशी, की आम्ही जे शिकवू शकत नाही म्हणून हळहळत होतो, ते तिकडे वॉर्डातही बंद पडलं होतं. पीपीईचं हूड कानावरून गेलं की स्टेथोस्कोप लावायचा कुठे? कोविड वॉर्डातले माझे सहकारी ऑक्सिमीटर आणि सीटी स्कॅनवर चालत होते. गल्लीत लोक एकमेकांना विचारायचे, स्कोअर किती आला? पंचवीसपैकी आठ, पंचवीसपैकी चौदा. बारावीच्या टक्क्यांसारखं. लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं निघाली होती. रुग्णाला न बघता फोनवरून सल्ला देण्याला पहिल्यांदा स्पष्ट नियम मिळाले. पुढे मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही फोनवरून सौम्य रुग्णांवर देखरेख करायची मुभा दिली गेली. म्हणजे आवाजावरून माणूस ओळखायचं काम शेवटी पोरांच्या वाट्याला आलंच. फक्त तो आवाज छातीतला नव्हता, फोनमधला होता. दम लागून वाक्य मध्येच तुटतंय का, ते ऐकायचं.

सप्टेंबरची लाट ओसरली, दुसरी अजून यायची होती, त्या मधल्या थंडीत आमची बॅच परत आली. राहिलेली प्रॅक्टिकल उरकायची होती. दहा-दहाचे गट, प्रत्येकाचा रिपोर्ट, मास्क, हातावर सॅनिटायझर. पडद्यावरच्या चौकोनांना एकदम उंची आली होती. एक मुलगा सहा फूट निघाला. मुलं एकमेकांना तपासायला उभी राहिली आणि मी बघितलं, हात छातीपासून चार बोटांवर थांबतोय. अक्कल सगळी होती, कुठली फासळी, कुठली रेष, तोंडपाठ. हात पुढे जाईना. दहा महिने आपणच त्यांना शिकवलं होतं ना, लांब राहा.

त्यातल्या एका गटाला घेऊन मी मेडिसिनच्या वॉर्डात गेले, कोविडच्या इमारतीपासून लांब. कोपऱ्यातल्या कॉटवर एक आजी होत्या, भुदरगडकडच्या, कसल्याशा जुन्या तापासाठी भरती. गटात आमचा राधानगरीवाला होता. त्याला म्हटलं, तू तपास. तो पुढे झाला, हात चोळून गरम केले, हे मी शिकवलं नव्हतं, आणि थांबला.

"आज्जी, हात लावू का?"

"लाव की बाबा. आठ म्हैनं झालं कुणी हात लावंना. घरातली बी लांबनंच ताट सारत्यात."

त्याने बोट टेकवलं. ठोकत खाली आला. वॉर्डात पंख्याची घरघर, ट्रॉलीचा खडखडाट, कुणाचा तरी खोकला. त्या सगळ्यातून टक् टक् टक् मला ऐकू येत होतं. पाचव्या फासळीखाली त्याचं बोट अडलं. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"मॅडम, हितं दूध लागलं."

गट हसला. आजींनी मान वर केली. "कसलं दूध रं?"

त्याने सांगितलं. कॅन, संस्था, वाजवून बघणं, आणि तुमचं लिव्हर इथून सुरू होतंय, म्हणजे जागेवर आहे. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"किती म्हशी हाईत तुमच्या?"

"तीन. एक गाभण हाय."

"आन् फॅट किती लागतंय?"

त्याने सकाळचं आणि संध्याकाळचं वेगवेगळं सांगितलं. आजींना ते कमी वाटलं. चारा कुठला घालताय, सरकी घालताय का, पाणी किती वेळा दाखवताय, अशी त्यांनी त्याची हिस्टरी घ्यायला सुरुवात केली. तो कॉटच्या कडेला टेकला होता, एक हात अजून त्यांच्या फासळ्यांवर तसाच. माझ्या हातातल्या कागदावर अजून प्लीहा, हृदयाचे ठोके आणि यकृताची खालची कड बाकी होती. पुढचा गट दारात येऊन उभा होता. मी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं.